विद्यापीठाची उंची कशाने मोजायची?

दरवर्षी जून महिन्यात एक बातमी ठरलेली असते. जगातल्या विद्यापीठांची क्यूएस क्रमवारी जाहीर होते आणि आपल्या वर्तमानपत्रांत पवईच्या आयआयटीचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. २०२३ च्या जूनमध्ये तो १४९ होता, २०२४ मध्ये ११८ झाला, २०२५ मध्ये १२९. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही त्यावर चहाच्या कपाबरोबर चर्चा होते. कुणी खूश होतं, कुणी म्हणतं, 'पहिल्या शंभरात कधी येणार?' मग घंटा होते आणि आम्ही आपापल्या वर्गात जातो.

मी अंधेरी-घाटकोपर पट्ट्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या शाळेपासून पवई काही किलोमीटरवर आहे आणि मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुलही तेवढंच. तरी आमच्या मुलांना दोन्ही जागा चंद्रावर असल्यासारख्या वाटतात. म्हणून गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. उर्दूत एम.ए. झालेली. कोकणी मुसलमानांच्या बोलीत उर्दू आणि मराठी कशा मिसळल्या, यावर तिला पीएच.डी. करायची होती. पण चेहरा उतरलेला.

"मिस, भाई म्हणतो पीएच.डी. करायचीच तर नाव असलेल्या ठिकाणी कर. कलिनाचा रँक काय आहे? जगात कोण ओळखतं त्याला?"

भाऊ साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये काम करतो. बहिणीचं भलं व्हावं एवढंच त्याच्या मनात होतं. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण मला त्याचं उत्तर चटकन देता आलं नाही. 'रँक महत्त्वाचा नसतो' असं म्हणून मुलीला परत पाठवणं सोपं होतं. पण ते खोटं ठरलं असतं, कारण नोकरीच्या बाजारात रँक चालतोच. तेव्हा मी तिला म्हटलं, "बेटा, मला थोडा वेळ दे." हा लेख म्हणजे त्या वेळात वाचलेल्या, आठवलेल्या गोष्टींची मांडणी आहे.

परीक्षा घेणारं विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटलेला होता, दिल्लीत बहादूरशहा जफर यांच्या नावाने लढाई चालू होती आणि त्याच वर्षी कंपनी सरकार कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं काढत होतं. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तशी शिफारस केली होती. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. त्या काळचं लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची.

मुंबईतही तेच झालं. १८६२ साली पहिले चार जण बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चारच जण, पण केवढे! रानड्यांनी अर्थशास्त्र आणि मराठ्यांच्या इतिहासावर लिहिलं, भांडारकर संस्कृत आणि प्राच्यविद्येचे जगन्मान्य पंडित झाले. हे संशोधन त्यांनी केलं, पण विद्यापीठात संशोधनाची सोय होती म्हणून केलं असं म्हणता येत नाही. विद्यापीठाकडे तेव्हा ना स्वतःचे प्राध्यापक होते, ना प्रयोगशाळा.

इमारती मात्र उभ्या राहिल्या, त्याही लोकांच्या पैशातून. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं, राजाबाई टॉवर. दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालं. एक जैन व्यापारी, एक पारशी सरदार. या शहरात शिक्षणासाठी पदरचे पैसे देण्याची परंपरा जुनी आहे. आपल्याकडे ज्याला सदक़ा-ए-जारिया म्हणतात, देणारा गेल्यावरही चालू राहणारं पुण्य, ते वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी आपापल्या नावाने केलं. पुढे त्यात आपल्या लोकांचाही वाटा आला, त्याकडे मी येतेच.

शिकवणं आलं, मग शोधणं आलं

१९०४ च्या युनिव्हर्सिटी कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची आणि संशोधन करण्याची मुभा दिली. मुंबईत तिचा उपयोग व्हायला आणखी पंधरा वर्षं गेली. १९१९ मध्ये विद्यापीठाने समाजशास्त्र विभागासाठी स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. आज कुणी परदेशी प्राध्यापक आला तर ते 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हणून माहितीपत्रकात छापतात. गेडिस आले ते शंभर वर्षांपूर्वी, आणि शहरं कशी वाढतात, माणसं त्यांत कशी राहतात, हे पायी फिरून बघायची दृष्टी घेऊन आले.

विद्यापीठाने मग आपलाच एक विद्यार्थी शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजहून पीएच.डी. करून ते परतले, १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले आणि पुढची पस्तीस वर्षं तो विभाग त्यांनी सांभाळला. इरावती कर्वे यांचा एम.ए.चा प्रबंध त्यांच्याकडे झाला. एम. एन. श्रीनिवास त्यांच्याकडे शिकले, ज्यांचा 'संस्कृतीकरण' हा शब्द आज जगभरच्या समाजशास्त्रात वापरला जातो. ए. आर. देसाई हेही त्यांचेच विद्यार्थी. गुरू आणि शिष्यांचे विचार एकमेकांशी जुळत नव्हते. घुर्यांची मतं श्रीनिवासांना सगळी पटली नाहीत, मार्क्सवादी देसाई तर दुसऱ्याच टोकाचे. घुर्यांचं सगळं लिखाण मलाही पटत नाही, जमाती आणि मुसलमानांविषयी त्यांनी लिहिलेलं वाचताना मी अडखळते. पण एका विभागातून एकमेकांशी भांडणारे इतके मोठे विद्वान निघाले, ही त्या विभागाची खरी कमाई. भारतातलं समाजशास्त्र बऱ्याच अंशी मुंबईत घडलं असं म्हणतात ते यामुळे.

विज्ञानात असंच १९३३ मध्ये झालं. १ ऑक्टोबरला विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, पुढे तो माटुंग्याला स्थिरावला. गिरणगावाला रंग हवे होते, कापड प्रक्रियेची माणसं हवी होती. म्हणजे विभाग शहराच्या गरजेतून निघाला. के. वेंकटरामन यांनी तिथे रंगांच्या रसायनशास्त्राची शाळाच उभी केली. याच विभागाचे एम. एम. शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय अभियंता.

हस्तलिखितं आणि फैजीसाहेब

आता ज्या गोष्टी आपल्या लोकांनाही फारशा माहीत नसतात, त्या सांगते.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. १९३५ मध्ये त्याची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने प्रसिद्ध केली. ती तयार केली फारसीचे प्राध्यापक खान बहादूर शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी. सूची म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला कळत नाही. एकेक हस्तलिखित उघडायचं, पानं मोजायची, लिपिकाराचं नाव शोधायचं, तारीख लावायची, हा ग्रंथ आणखी कुठे आहे का ते बघायचं. नाव होतं ते पुढे त्या ग्रंथांवर लिहिणाऱ्याचं. पण सूचीच नसेल तर लिहिणाऱ्याला ग्रंथ आहे हेच कळणार नाही.

दुसरं नाव असफ अली असगर फैजी यांचं. जन्म १८९९, माथेरानचा. सुलेमानी बोहरा घराण्यातले. गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे ते प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं १९४९ चं पुस्तक आजही वकिलीच्या विद्यार्थ्यांच्या हातात असतं आणि न्यायालयांच्या निकालांत त्याचे दाखले येतात. स्वातंत्र्यानंतर ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. फातिमी काळातले मोठे न्यायशास्त्री काझी नुमान यांचा 'दआइम अल-इस्लाम' हा अरबी ग्रंथ त्यांनी संपादित केला आणि तो कैरोतून दोन खंडांत छापला गेला. विचार करा, हजार वर्षांपूर्वी कैरोच्या फातिमी दरबाराशी जोडलेला ग्रंथ, त्याची हस्तलिखितं जपली हिंदुस्थानातल्या बोहरा घरांनी आणि छापील रूपात तो कैरोला परत नेला मुंबईच्या एका विद्वानाने.

त्या घरांमध्ये ही हस्तलिखितं बाहेर दाखवायची पद्धत नव्हती. फैजींनी १९५७ मध्ये आपला इस्माईली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला. १९६५ मध्ये मुइज्ज गोरियावाला यांनी केलेली त्याची सूची विद्यापीठाने छापली. जगात कुठेही फातिमी इतिहासावर काम करणाऱ्याला मुंबई विद्यापीठाचं नाव माहीत असतं ते या संग्रहामुळे. माझ्या विद्यार्थिनीच्या भावाचा प्रश्न होता, 'जगात कोण ओळखतं?' त्याच्या उत्तराचा एक भाग असा फोर्टातल्या कपाटांत ठेवलेला आहे.

जोगेश्वरीची टेकडी

उपनगरांत उच्च शिक्षण आलं त्या सुरुवातीच्या पावलांपैकी एक आपल्याच समाजातल्या माणसाच्या पैशाने आलं. सर मोहम्मद युसूफ हे जहाज व्यवसायातलं मोठं नाव. न्हावा बेटावर खलाशांच्या प्रशिक्षणाची संस्था त्यांनी १९१० मध्ये काढली होती. १९१४ मध्ये त्यांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी सरकारला आठ लाख रुपये दिले. त्यांच्या वडिलांच्या नावाचं इस्माईल युसूफ कॉलेज १९३० मध्ये जोगेश्वरीच्या टेकडीवर सुरू झालं. देणगी आणि कॉलेज यांच्यात सोळा वर्षं गेली. आजही फायली अडकतात तेव्हा मला ही सोळा वर्षं आठवतात.

या कॉलेजात सगळ्या धर्मांची मुलं शिकली. कादर खान इथलेच विद्यार्थी. पण संशोधनाच्या बाजूने मला महत्त्वाचे वाटतात ते इथे उर्दू शिकवणारे सय्यद नजीब अशरफ नदवी. औरंगजेबाच्या पत्रांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही इतिहासकारांना लागतो. पुढे अंजुमन-ए-इस्लामच्या उर्दू संशोधन संस्थेची धुरा त्यांनी वाहिली आणि 'नवा-ए-अदब' हे संशोधन पत्र चालवलं. म्हणजे उर्दूतलं शिस्तीचं संशोधन मुंबईत व्हायला जोगेश्वरीचा एक प्राध्यापक आणि बोरीबंदरची एक जुनी संस्था कारणीभूत झाली. या टेकडीच्या जमिनीवरून समाजात आजही वाद आणि मागण्या चालू असतात. जमिनीचं बोलणं जरूर व्हावं. पण त्या जमिनीवर एके काळी किती दर्जाचं काम झालं, याचंही बोलणं व्हायला हवं.

पवई आणि अब्बांचा रंधा

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नलिनी रंजन सरकार समितीने देशाच्या चार दिशांना तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्था असाव्यात असं सुचवलं. पश्चिमेची संस्था मुंबईला आली. २५ जुलै १९५८ रोजी वरळीला, 'सस्मिरा'च्या इमारतीत पहिले वर्ग भरले. ३,४०० हून अधिक अर्ज आले होते, जागा होत्या १००. पंतप्रधान नेहरूंनी १० मार्च १९५९ रोजी पवईला कोनशिला बसवली. मुंबई सरकारने तलावाकाठची ५५० एकर जमीन दिली. संस्थेला युनेस्कोमार्फत मदत होती ती मुख्यतः सोव्हिएत रशियाची. १९७३ पर्यंत तिथून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ येऊन गेले, आपल्या २७ अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. 'मिन्स्क' नावाचा रशियन संगणकही पवईला आला होता.

माझे अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले ते सुतारकामासाठी. सत्तरच्या दशकात एका कंत्राटदाराकडे ते पवईच्या प्रयोगशाळांमधली लाकडी बाकं, कपाटं करायचे. ते सांगायचे, "एक गोरा साहेब होता, बाकाची पातळी स्वतः तपासायचा. काचेच्या गोळीने. गोळी घरंगळली की पुन्हा रंधा मारा." अब्बांना तो साहेब काय शिकवतो ठाऊक नव्हतं, पण प्रयोगशाळेचं बाक तसूभरही कलतं चालत नाही, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. आम्हा भावंडांचा अभ्यास घेताना ते म्हणायचे, "गोळी घरंगळतेय, पुन्हा लिही."

त्या पवईने पुढे काय केलं ते सगळ्यांना दिसतंच आहे. २०१८ मध्ये तिला 'इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स'चा दर्जा मिळाला, ज्यात सरकारी संस्थेला पाच वर्षांत एक हजार कोटींपर्यंत निधीची तरतूद होती. २०२३ मध्ये नंदन नीलेकणी या एकाच माजी विद्यार्थ्याने ३१५ कोटी रुपये दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, टाटा मेमोरियल रुग्णालयाबरोबर मिळून विकसित केलेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी पेशी उपचाराला देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशातल्या खर्चाच्या साधारण एक-दशांश खर्चात तो मिळू शकतो. मला विचाराल तर ११८ या आकड्यापेक्षा हा उपचार मोठा आहे. पण दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत हेही मान्य करायला हवं. साठ वर्षं सातत्याने पैसा, निवडक विद्यार्थी, पूर्णवेळ प्राध्यापक आणि स्वायत्तता मिळाली, तेव्हा झाड इतकं वाढलं.

घरातून वेगळी झालेली मुलं

मग कलिना मागे का? १९७१ पासून विद्यापीठाचे विभाग फोर्टातून कलिनाच्या विद्यानगरीत यायला लागले. जागा मोठी मिळाली. २०२१ मध्ये 'नॅक'ने ३.६५ गुणांसह ए++ श्रेणीही दिली. तरी जागतिक यादीत मुंबई विद्यापीठ पवईच्या फार खाली असतं.

इतिहास बघितला तर कारण बरंचसं उलगडतं. मुंबई विद्यापीठ एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेलं होतं. १९४७ मध्ये सिंध वेगळं झालं. १९४९ मध्ये पुणे, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठं निघाली. ही वाटणी भूगोलाची होती. दुसरी वाटणी झाली संशोधनाची. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, तिथलीच लोकसंख्या अभ्यास संस्था १९८५ मध्ये. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये काम करणारी मुलं पीएच.डी. मुंबई विद्यापीठाची घ्यायची, २००२ मध्ये तिलाही स्वतःची पदवी मिळाली. २००८ मध्ये माटुंग्याचा रसायन तंत्रज्ञान विभाग वेगळं विद्यापीठ झाला. प्रत्येक वेळी त्या संस्थेचं भलंच झालं. पण आईच्या नावावर राहिली ती मुख्यतः सातशेहून अधिक संलग्न कॉलेजं आणि लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा.

म्हणजे फिरून गाडी १८५७ च्या ठिकाणी आली. परीक्षा घ्या, निकाल लावा. जिच्या अंगावर एवढं ओझं आहे तिला पवईशेजारी उभं करून 'तुझी उंची कमी' म्हणणं, हा न्याय नव्हे. उपनगरातल्या रिक्षावाल्याच्या, फेरीवाल्याच्या मुलीला पहिली पदवी मिळते ती याच विद्यापीठाची. मलाही याच विद्यापीठाने बी.ए. आणि बी.एड. दिलं. म्हणून कलिनाच्या उणिवांवर पांघरूण घालावं असं मी म्हणत नाही. रिकाम्या जागा भरल्या गेल्या पाहिजेत, संशोधनाला पैसा मिळाला पाहिजे, प्रबंध वेळेत तपासले गेले पाहिजेत. हे मागताना मात्र विद्यापीठ काय काय वाहून नेतंय, ते डोळ्यासमोर असावं.

मोजपट्टी काय मोजते?

क्यूएसची मोजपट्टी जरा उघडून बघू. १०० पैकी ३० गुण शैक्षणिक लौकिकाला, म्हणजे जगभरच्या प्राध्यापकांना विचारून मिळालेल्या मतांना. १५ गुण नोकरी देणाऱ्यांच्या मताला. २० गुण प्रत्येक प्राध्यापकामागे मिळालेल्या उद्धरणांना, म्हणजे तुमच्या शोधनिबंधाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला त्याला. प्राध्यापक-विद्यार्थी प्रमाणाला १०. बाकीचे गुण परदेशी विद्यार्थी, परदेशी प्राध्यापक, आंतरराष्ट्रीय संशोधनसंबंध, रोजगार आणि पर्यावरण यांना.

उद्धरणांची मोजणी 'स्कोपस' या माहितीसाठ्यावरून होते आणि त्यात इंग्रजी नियतकालिकांचं राज्य आहे. 'नवा-ए-अदब'मधल्या लेखाचा दाखला लाहोरच्या किंवा हैदराबादच्या अभ्यासकाने दिला तर तो या तराजूत पडण्याची शक्यता फार थोडी. मराठीतल्या उत्तम संशोधन ग्रंथाचीही तीच गत. १९३५ च्या सूचीला किती गुण? बहुधा शून्य. म्हणून ती सूची शून्य होत नाही.

या मोजपट्ट्यांबद्दल शंका फक्त माझ्यासारख्या शाळामास्तरणीलाच आहे असं नाही. २०२० मध्ये मुंबईसह सात जुन्या आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीत भाग घ्यायचं नाकारलं, कारण त्यांच्या मते तिच्या पद्धतीत पारदर्शकता नव्हती. आणि पवईचाच क्यूएसमधला प्रवास बघा: २०२० च्या यादीत १५२, २०२१ ला १७२, २०२२ ला १७७, मग पुन्हा १७२, मग १४९, ११८ आणि १२९. दोन वर्षांत पंचवीस पायऱ्या खाली जाताना तिथले प्राध्यापक काही मठ्ठ झाले नव्हते, आणि चढतानाही एका रात्रीत शहाणे झाले नाहीत. १४९ आलं त्या वर्षी क्यूएसने आपले निकष आणि त्यांचे गुणही बदलले होते. क्रमवारी म्हणजे ताप मोजायची नळी. ती उपयोगाची आहे, पण माणूस कसा आहे हे तिच्यावरून कळत नाही.

आपला हिशोब

एक हिशोब मात्र कुठल्याही क्रमवारीत नसतो. या उंच संस्थांच्या दारातून आत कोण जातं? २००६ च्या सच्चर समितीने नोंदवलं होतं की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासामागे एक. २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या २१ लाखांवरून १९ लाख २१ हजारांवर आली. संशोधनासाठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ पासून होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की ती २०२२-२३ पासून बंद केली आहे, कारण इतर योजनांशी ती एकमेकींवर येते. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संस्था २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्याकडून संशोधकांना आधार मिळावा, यासाठी आपण अर्ज, निवेदनं, पाठपुरावा चिकाटीने केला पाहिजे.

आणि थोडं आपल्याकडेही बघू. लग्नाच्या हॉलला लाखो रुपये देणारी घरं आपल्या मोहल्ल्यात आहेत. एका संशोधक मुलीला तीन वर्षं महिना काही हजार देणारी किती आहेत? सर मोहम्मद युसूफ यांच्याइतकी ऐपत कुणाची नसेल. पण चार कुटुंबांनी मिळून एक मुलगी संशोधनात टिकवणं अवघड नाही. जकातीच्या हिशोबात आपण गरजू विद्यार्थ्याची फी धरतो. पीएच.डी. करणाऱ्यालाही पोट असतं, हे तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

तिला काय सांगितलं

पंधरा दिवसांनी ती परत आली, या वेळी भावाला घेऊन. मी त्याला हे सगळं थोडक्यात सांगितलं. पवईचं मोठेपण सांगितलं आणि तिथे उर्दूचा विभाग नाही हेही सांगितलं. तिच्या विषयासाठी माणसं, पुस्तकं, हस्तलिखितं जिथे आहेत तिथेच तिने जायला हवं, आणि ती कलिना-फोर्टला आहेत. उर्दू विभाग कलिनाच्या ज्या रानडे भवनात आहे, त्याला नाव आहे पहिल्या चार पदवीधरांपैकी एकाचं. त्या चौघांच्या विद्यापीठाला १८६२ साली कुठला रँक होता?

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मिस, नोकरी?"

त्याला मी खोटी आशा दिली नाही. नोकरीची खात्री आज पवईवालाही देत नाही. एवढंच म्हटलं की काम पक्कं झालं तर त्याला कुणीतरी विचारतं, उशिरा का होईना. आणि काम कच्चं असेल तर मोठ्या संस्थेचं नावही फार दिवस पुरत नाही. अब्बांची काचेची गोळी मी त्याला सांगितली. वर्कशॉपमध्ये काम करणारा मुलगा तो, त्याला लगेच कळलं. हसला.

तिने पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा, 'पेट'चा अर्ज भरला आहे. प्रबंध उर्दूत लिहिणार आहे. मी एकच अट घातली: प्रत्येक प्रकरणाचा सारांश मराठीतही लिहायचा, म्हणजे ज्या कोकणी गावांबद्दल ती लिहिणार आहे तिथल्या लोकांना तो वाचता येईल. शुद्धलेखन मी तपासून देईन. लाल पेन तयार आहे.